एडास घ्यावं की पाच तारे? आणि ‘सरकारमान्य’ गाडी म्हणजे नेमकं काय?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतले आहेत. ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही नाशिकला राहता, बजेट ऑन रोड 16 लाखांच्या आसपास. घरात तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि 67 वर्षांचे वडील. वडील अजून गाडी चालवतात, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा समृद्धीवरून नागपूरला जाणं होतं. दोन गाड्या तुम्ही पाहून ठेवल्यात. एकीला भारत एनकॅपचे, म्हणजे आपल्याकडच्या क्रॅश टेस्टचे, पाच तारे आहेत, पण बजेटमध्ये तिचं मधलं मॉडेल बसतं आणि त्यात एडास, म्हणजे आपोआप ब्रेक लावणारी आणि लेनमध्ये राहायला मदत करणारी यंत्रणा, नाही. दुसरीचं टॉप मॉडेल बसतं, त्यात लेव्हल 2 एडास आहे, पण त्या गाडीची क्रॅश टेस्ट कुठेच जाहीर झालेली नाही. दुसऱ्या शोरूममधला मुलगा म्हणाला, “सर, समृद्धीवर निवांत बसा, गाडी आपली आपण जाते. आणि तारेबिरे सोडा, विकायला येणारी प्रत्येक गाडी सरकारमान्यच असते.” यात खरं किती, आणि सरकार बिनचालकाच्या गाड्यांना परवानगी का देत नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी 24 वर्षं होमोलोगेशनमध्ये काम करतेय. गाडी बाजारात येण्याआधी तिच्या सगळ्या सक्तीच्या चाचण्या करून घेणं आणि मान्यतेचे कागद हातात आणणं, हे ते काम. पहिली पंधरा वर्षं कंपन्यांच्या नोकरीत, नंतर सल्लागार म्हणून. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर देते: पाच तारेवाली घ्या, एडास नसलं तरी. आता कारणं.

‘सरकारमान्य’ हा शब्द खोटा नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याखालचे केंद्रीय नियम 1989 चे. त्यातल्या नियम 126 प्रमाणे नव्या मॉडेलचा नमुना नेमून दिलेल्या चाचणी संस्थेकडे जावा लागतो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही त्यातली जुनी, 1966 पासूनची. मानेसरला आयकॅट आहे, चेन्नईजवळ ओरगडमला जीएआरसी. ब्रेक, दिवे, आरसे, हॉर्न, सीटबेल्टचे अँकर, दाराची कुलपं, धूर, आवाज असं एकेक तपासून शेवटी टाइप अप्रूव्हलचं सर्टिफिकेट मिळतं. ते हातात आल्याशिवाय आरटीओत एकही गाडी नोंदवता येत नाही. पुढे कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या त्या नमुन्यासारख्याच आहेत ना, हेही अधूनमधून तपासलं जातं. युरोपची पद्धत साधारण अशीच, आधी शिक्का आणि मग विक्री. अमेरिकेत उलटं आहे. तिथे गाडी नियमात बसते असं कंपनी स्वतःच जाहीर करते आणि विकायला लागते. सरकारी संस्था बाजारातून गाड्या विकत घेऊन तपासते, आणि खोट निघाली तर परत बोलवायला लावते.

आपल्याकडच्या शिक्क्याबद्दल एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. ही फक्त पास-नापासाची परीक्षा आहे. काठावर 35 मिळवणारी गाडी आणि 95 मिळवणारी गाडी, दोघींच्या हातात पडणारं सर्टिफिकेट शब्दन्‌शब्द सारखं असतं. मार्कशीट ग्राहकाला दिसतच नाही. ती आम्हाला दिसते, आणि आमच्यावर गोपनीयतेची सही असते.

ही परीक्षा कशी होते ते एकदा जवळून सांगते. समोरून धडकेचा आपला नियम एआयएस-098 या नावाने आहे. गाडी ताशी 56 किलोमीटरने एका अडथळ्यावर नेतात, आणि गाडीच्या रुंदीचा फक्त 40 टक्के भाग, चालकाच्या बाजूचा, त्याच्यावर आदळतो. रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा दोघेही शेवटच्या क्षणी वळवायला बघतात, म्हणून धडक अशी अर्धवटच होते. अडथळ्याला पुढे ॲल्युमिनियमचं मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार ठोकळं लावलेलं असतं, समोरच्या गाडीचं नाक समजा. डमींना, म्हणजे गाडीत बसवायच्या माणसाएवढ्या बाहुल्यांना, आदल्या दिवसापासून 19 ते 22 अंशांत ठेवतात, कारण गरमीत त्यांच्या छातीचं रबर मऊ पडतं आणि आकडे बदलतात. टेस्टच्या आधी टेक्निशियन डमीच्या कपाळाला, नाकाला, गुडघ्यांना वेगवेगळे ओले रंग लावतात. सगळे काचेमागे येतात. दिवे इतके प्रखर असतात की हॉलचा काँक्रीट पांढरा दिसायला लागतो. केबल गाडीला ओढत आणते आणि एक आखूड, जड ‘धप्प’ होतं. सगळा खेळ सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात आटोपतो. एअरबॅग तर 30-40 मिलिसेकंदांत फुगून खाली बसायलाही लागलेली असते. मग ॲल्युमिनियमचे तुकडे फरशीवर पडतानाचा बारीक आवाज, आणि फटाक्यांसारखा वास.

नवीन इंजिनिअर धावत जाऊन एअरबॅग बघतात. मी दाराकडे जाते. दार हाताने उघडतंय का? नियम सांगतो की प्रत्येक ओळीतलं निदान एक दार हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. मग पुढच्या काचेच्या कडेचा खांब, ज्याला आम्ही ए-पिलर म्हणतो, तो सरळ आहे की वाकलाय. मग खाली वाकून पायापाशी बघायचं, पेडल कुठवर आत आलेत. स्टिअरिंग 80 मिलिमीटरपेक्षा वर आणि 100 पेक्षा मागे सरकलेलं चालत नाही. छाती 50 मिलिमीटरपेक्षा जास्त दबलेली चालत नाही. डोक्याच्या इजेचा एक हिशोब असतो, तो 1000 च्या आत लागतो. आणि सगळ्यात शेवटी ते रंग. कुठला रंग कशाला लागलाय यावरून माणूस कुठे आपटला असता ते कळतं.

एका गाडीच्या टेस्टमध्ये गुडघ्याचा हिरवा रंग डॅशबोर्डखालच्या एका कडक पत्र्याच्या ब्रॅकेटवर लागला होता. सगळे आकडे मर्यादेत, गाडी पास. त्या जागी फोमचा एक तुकडा लावावा म्हणून मी आणि आणखी दोघांनी लिहून दिलं. खर्च गाडीमागे चहाच्या दोन कपांएवढा. ‘पास आहे ना?’ असा उलट प्रश्न आला आणि विषय पुढच्या फेसलिफ्टवर, म्हणजे मॉडेलच्या पुढच्या सुधारित आवृत्तीवर, गेला. ती गाडी तशीच विकली गेली. मला आजही तो रंग आठवतो, आणि नोकरी सोडण्याच्या कारणांत तो एक होता. पास-नापासाच्या परीक्षेत गाडी आणखी चांगली करायला कंपनीला कारणच उरत नाही, हे मी तिथे शिकले.

हा नियमसुद्धा आपल्याकडे उशिरा आला. नव्या मॉडेलना ऑक्टोबर 2017 पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना ऑक्टोबर 2019 पासून. त्याआधी जे व्हायचं ते जानेवारी 2014 मध्ये उघड झालं. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांमधल्या पाच, अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो, ताशी 64 किलोमीटरने आपटून दाखवल्या. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना शून्य तारे. पेपरांनी ‘शून्य’ एवढंच छापलं. आमच्या लोकांनी पुढचं वाक्य वाचलं. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला होता, त्यांना एअरबॅग लावली तर माणूस वाचण्याची शक्यता होती. पोलोच्या दोन एअरबॅगवाल्या मॉडेलला लगेच चार तारे मिळालेही. बाकी तिघींचा सांगाडाच कोसळत होता. तिथे एअरबॅग लावून फारसा उपयोग नव्हता, कारण एअरबॅगला फुगायला आणि माणसाला थांबायला जी जागा लागते तीच उरत नव्हती.

म्हणून मी सांगाड्यापासून सुरुवात करते. एअरबॅग, बेल्ट, कॅमेरा, सगळं सांगाड्याच्या आत राहून काम करतं. उद्या बाहेरून सीटकव्हर बदलता येईल, म्युझिक सिस्टीम बदलता येईल, चार वर्षांनी डॅशकॅम लावता येईल. सांगाडा शोरूममधून जो घरी आणाल तोच शेवटपर्यंत. आणि सक्तीच्या 56 ऐवजी तारे 64 वर दिले जातात. आठ किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 64 भागिले 56, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ 30 टक्के जास्त ऊर्जा. 56 ला काठावर पास होणारा सांगाडा 64 ला कसा वागेल हे आकडे बघितल्याशिवाय मीही सांगू शकत नाही.

भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं. त्यात समोरची धडक 64 ला, बाजूची 50 ला, आणि बाजूने खांबावर 29 ला होते. मोठ्यांच्या सुरक्षेचे 32 पैकी गुण, मुलांचे 49 पैकी. पाच ताऱ्यांसाठी मोठ्यांचे 27 आणि मुलांचे 41 लागतात. ते ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. कंपनी स्वतःहून गाडी देते. टेस्ट न झालेली गाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. पण लाखांनी खपणारं मॉडेल कंपनी वर्षानुवर्षं टेस्टला पाठवत नसेल, तर ‘का?’ हा प्रश्न शोरूममध्ये विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तारे बघताना दोन गोष्टी बघा. मुलीसाठी 49 पैकी किती, हा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. आणि निकाल नेमका कुठल्या व्हेरिएंटला लागू आहे. दोन्ही गोष्टी भारत एनकॅपच्या संकेतस्थळावर गाडीगणिक दिलेल्या आहेत.

एअरबॅग किती, यावर लोक फार अडतात. जानेवारी 2022 मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा मसुदा आला, तारीख ऑक्टोबर 2022 वरून ऑक्टोबर 2023 वर गेली, आणि मग सक्ती करणार नाही असं गडकरींनीच जाहीर केलं. सहा असाव्यात, माझं मत स्पष्ट आहे. पण एअरबॅगवर ‘एसआरएस’ लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच ‘पूरक’ असा आहे. बेल्टला पूरक. बेल्ट नसेल तर शरीर ज्या वेगाने पुढे येतं, त्या वेगाने समोरून फुगत येणारी एअरबॅग स्वतःच मार देते.

आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण तुमच्या निवडीपेक्षाही हे मोठं आहे. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. बेल्ट न लावलेली त्यातली 16,715. या आकड्याची फोड बघा: चालक 8,384 आणि सोबतचे प्रवासी 8,331. म्हणजे जवळजवळ निम्मे नुसते बसलेले होते. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागातली, सांगाडा उत्तम. पुढे बसलेले दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटला बेल्ट लावायचा नियम तेव्हाही होता, दंडही होता. त्यानंतर काही आठवडे लोक मागे बेल्ट लावत होते. मग पुन्हा बेल्ट सीटकव्हरच्या खाली गेले. त्यावर कडी म्हणजे बेल्टचा आवाज बंद करायच्या क्लिपा ऑनलाइन मिळत होत्या. मे 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या विक्री संकेतस्थळांना त्या काढायला लावल्या. तेरा हजारांवर जाहिराती निघाल्या.

तेव्हा दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर स्वतः बसून बघा. बकल वर आहे की सीटच्या खाचेत रुतलंय? मधल्या जागेला तीन बिंदूंचा बेल्ट आहे की नुसता कमरेचा? मुलीच्या बूस्टर सीटसाठी आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक सहज हाताला लागतात का? हे पाच मिनिटांत कळतं आणि ब्रोशरमध्ये कळत नाही. आणि ॲक्सेसरीवाला सीटकव्हर लावतो म्हणाला, तर पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ असं शिवलेलं लेबल आहे का बघा. असेल तर साधं कव्हर अजिबात नको. बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून फाटून बाहेर येते, जाड रेक्झिन तिला अडवतं. पुढे लोखंडी गार्डही नको. त्यांच्यावर 2017 च्या शेवटीच बंदी आलीय, कारण त्यांच्यामुळे धडक जिथे शोषली जायला हवी तिथे न शोषता थेट चेसीला जाते.

आता एडास. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. शहरातल्या रांगेत मोबाइल वाजला, नजर खाली गेली आणि पुढची गाडी थांबली, अशा वेळी आपोआप लागणाऱ्या ब्रेकने वाचलेली माणसं मला माहीत आहेत. युरोपात तर जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये हा ब्रेक सक्तीचा आहे. आपल्याकडे कारना ती सक्ती नाही, आणि भारत एनकॅपच्या पहिल्या आवृत्तीच्या ताऱ्यांतही त्याची परीक्षा नाही. म्हणजे ‘लेव्हल 2’ ही पाटी लावणाऱ्या दोन गाड्यांपैकी कुठलीचा ब्रेक खरोखर वेळेवर लागतो, हे सांगणारी कुठलीही सरकारी मार्कशीट तुमच्यासमोर नाही.

लेव्हल म्हणजे काय? शून्यापासून पाचपर्यंत सहा पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच वेळी सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम पूर्णपणे चालकाचं. तिसऱ्या पायरीपासून, ठरावीक परिस्थितीत, नजर ठेवायचं काम गाडीकडे जातं. दोन आणि तीनच्या मध्ये जी रेघ आहे तिच्या या बाजूला अपघाताचं उत्तर माणूस देतो. तिसऱ्या पायरीच्या गाडीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमात जून 2020 मध्ये तरतूद झाली, तीही तेव्हा फक्त ताशी 60 पर्यंत, दुभाजक असलेल्या आणि पादचारी नसलेल्या रस्त्यावर. भारतातल्या शोरूममध्ये अशी गाडी मिळत नाही. तुम्हाला ‘आपली आपण जाते’ म्हणून दाखवलेली गाडी दुसऱ्या पायरीवरची आहे. त्या मुलाला बहुधा ट्रेनिंगमध्ये हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

समृद्धीचंच उदाहरण घ्या. 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. रडार बंपरच्या मागे असतं, कॅमेरा काचेच्या वर आरशापाशी. रडारला पुढे धावणारी गाडी छान दिसते, कारण ती हलतेय. उभी वस्तू त्याला त्रास देते. रस्त्याकडेचे खांब, पुलाचे कठडे, वरच्या पाट्या, सगळंच उभं. प्रत्येकाला ब्रेक लावला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून जास्त वेगात अनेक प्रणाली उभ्या वस्तूंकडे कमी लक्ष देतात आणि कॅमेऱ्याच्या खात्रीची वाट बघतात. आता रात्री दोनला, मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, डाव्या लेनमध्ये पंक्चर होऊन उभा असलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. कॅमेऱ्याला तो ज्या अंतरावर कळेल, तिथून 120 ची गाडी थांबेलच असं मी तरी लिहून देणार नाही. हात सोडून, स्टिअरिंगला पाण्याची बाटली लटकवून गाडीला फसवणारे व्हिडिओ फिरतात. ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

आणखी एक गोष्ट. माझ्या नात्यातल्या एकाच्या गाडीची पुढची काच दगड लागून तडकली. गॅरेजने नवी काच बसवली, कॅमेरा जुन्या ब्रॅकेटवर परत लावला, विम्यातून काचेचे पैसे मिळाले. महिन्याभराने तो म्हणाला, गाडी सारखी डावीकडे ओढते. अलाइनमेंट दोनदा करून झाली होती. मी शेजारी बसले. रस्ता मोकळा, पट्टे स्वच्छ, आणि लेन असिस्ट चालू केलं की गाडी शांतपणे कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जाऊन चालायला लागे. बंद केलं की सरळ. कॅमेरा बसवताना किंचित फिरला होता आणि कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा मोजून जुळवणं, कुणी केलंच नव्हतं. एक अंशाचा फरक म्हणजे 100 मीटरवर पावणेदोन मीटर, जवळजवळ अर्धी लेन. गॅरेजवाल्याला कॅलिब्रेशन करायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि विम्याच्या सर्व्हेअरने त्याचे पैसे मंजुरीत धरले नव्हते. बंपर रंगवताना रडारवरही असंच होतं. टाइप अप्रूव्हल नव्याकोऱ्या नमुन्याचं असतं. खासगी गाडी फिटनेससाठी पुन्हा उभी राहते ती 15 वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला. मधल्या काळात तिचा कॅमेरा कुठे बघतोय हे तपासणारं कुणीही नाही. आपल्या नियमांमधलं हे मला आज सगळ्यात मोठं भोक वाटतं, बिनचालकाच्या गाडीच्या चर्चेपेक्षा कितीतरी जवळचं.

त्या चर्चेबद्दल तुम्ही विचारलंच आहे. गडकरींनी 2023 च्या डिसेंबरमध्ये नागपुरात सांगितलं की ते बिनचालकाच्या गाड्या येऊ देणार नाहीत, चालकांच्या नोकऱ्या जातील. ही मंत्र्यांची भूमिका झाली. कायद्यात बघाल तर गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं या कलमाभोवतीच सगळी रचना आहे. चालकच नसेल तर दंड कुणाला, गुन्हा कुणावर, याची तरतूद नाही. मात्र 2019 च्या दुरुस्तीत कलम 2बी घातलं गेलं. नवसंशोधनासाठी ठरावीक वाहनांना केंद्र सरकार कायद्यातल्या तरतुदींतून सूट देऊ शकतं. म्हणजे प्रयोगांना दार किलकिलं आहे.

मला नोकरीच्या प्रश्नाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: उत्तर कोण देणार? अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी गावी मार्च 2018 मध्ये उबरच्या प्रयोगातल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. तपासात निघालं की गाडीला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण ती काय आहे हे यंत्रणेला ठरवता येईना. कधी वाहन, कधी सायकल, कधी भलतंच काही. मूळ गाडीचा आपत्कालीन ब्रेक प्रयोगासाठी बंद ठेवलेला. चालकाच्या सीटवरची बाई मोबाइल बघत होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही, सीटवरच्या बाईवर झाला. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या बिनचालक टॅक्सीसमोर, दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई येऊन पडली. टॅक्सीने तिला धडक दिली, थांबली, आणि मग कडेला जायचं म्हणून तिला सुमारे 20 फूट फरफटत नेलं. परवाना गेला त्यामागे नुसता अपघात नव्हता, फरफटण्याची माहिती अधिकाऱ्यांपासून दडवल्याचा ठपकाही होता. डिसेंबर 2024 मध्ये क्रूझची मालक कंपनी जनरल मोटर्सने या टॅक्सीच्या कामाला पैसे देणंच थांबवलं.

या दोन्ही ठिकाणी निदान बोलावून विचारणारी, गाडीतली नोंद मागणारी यंत्रणा होती. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने कलम 110ए आलं, सदोष गाड्या परत बोलवायचा अधिकार सरकारला मिळाला, आणि एप्रिल 2021 पासून 10 लाख ते एक कोटीपर्यंत दंडाचे नियम आले. त्याआधी सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं. हे मोठं पाऊल आहे. पण ते चालतं तक्रारींवर, आणि आपण तक्रार करत नाही. सर्व्हिस सेंटरला ओरडतो, गाडी विकून टाकतो, आणि दोष पुढच्याच्या गळ्यात जातो.

यावरून आठवलं. तुमची 2011 ची हॅचबॅक भाच्याला देणार असं लिहिलंत. देण्याआधी तिचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलसाठी टाकून बघा. त्या काळातल्या जगभरच्या कित्येक गाड्यांत ताकाता कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर होते. त्यातला अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतो आणि फुगताना धातूचे तुकडे उडवतो. भाचा रत्नागिरीला असतो म्हणालात, म्हणून जास्त काळजीने सांगतेय. रिकॉलचं काम फुकट होतं, गाडी कितव्या मालकाची आहे याने फरक पडत नाही.

राहता राहिले तुमचे वडील. तुमचा मुद्दा असा होता की वयामुळे त्यांना एडासची मदत होईल. मला याची भीती वाटते. लेन असिस्टचा स्टिअरिंगला बसणारा बारीकसा ओढा चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडी बिघडल्यासारखा वाटतो, आणि ते उलट्या दिशेने जोर लावतात. कसारा घाटात, जिथे पट्टे पुसलेले आहेत आणि ट्रक अर्धी लेन घेऊन येतात, तिथे मला तो ओढा नको. त्यांच्यासाठी ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, असलेली, बसायला उंच, काचेतून चांगलं दिसणारी गाडी आणि पाच तारे, हे पुरेसं आहे. ईएससी तुमच्या पाच तारेवालीत आहेच, तीन किंवा जास्त ताऱ्यांची ती अटच आहे. घाटात ओल्या वळणावर गाडीचं शेपूट सुटायला लागलं की ती एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरते, आणि वडिलांना ते कळतही नाही.

उद्या बजेट वाढलं आणि त्याच गाडीचं एडासवालं मॉडेल घ्यावंसं वाटलं, तर जरूर घ्या. डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला वडिलांना घेऊन एखाद्या मोकळ्या रस्त्यावर जा, लेन असिस्ट कुठल्या बटणाने बंद होतं ते त्यांच्याच हाताने चारदा करून घ्या. आणि काच किंवा बंपर कधी बदललाच, तर कॅलिब्रेशनचा छापील रिपोर्ट मिळेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका. त्यावर तारीख आणि चॅसी नंबर हवा.